एका लॅपटॉपची मोजणी

हौसराव साकोरे पहिल्यांदा आमच्या घरी आले आणि माझं लिंबाचं झाड शेजारणीला देऊन गेले. डायरीत तारीख आहे ११ जून २०१२, सोमवार. माझे पती रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झाले होते आणि दौंडच्या आमच्या घराला कुंपणाची भिंत घालायची होती. भिंतीआधी सरकारी मोजणी झालेली बरी, म्हणून आम्ही अर्ज केला. मोजणीला आले ते हौसराव. सडपातळ अंगकाठी, पांढरी टोपी, खिशाला दोन पेनं आणि काखेत जाड पुठ्ठ्याची लांबट वही. त्या वहीला ते फील्डबुक म्हणत. दोन तास उन्हात टेप धरून, कोपऱ्यातले जुने दगड माती उकरून शोधून काढल्यावर ते मला म्हणाले,

"बाई, लिंबू तुमचं, जमीन त्यांची."

शेजारच्या गिताबाई कंबरेवर हात ठेवून उभ्याच होत्या. "मी कवापास्नं सांगतीय!"

"किती गेली आमची?" मी विचारलं.

"गेली न्हाई. तुमची नव्हतीच. नऊ इंच."

मग दोघींकडे आळीपाळीनं बघत म्हणाले, "लिंबं कुणीबी खावा. हद्द तेवढी खरी ऱ्हाऊ द्या."

मोजणी चालू असताना मी त्यांना दोनदा चहा विचारला होता. घेतला नाही. पाणीसुद्धा स्वतःच्या बाटलीतलं. नकाशावर माझी आणि गिताबाईंची सही झाली, मग ते जागेच्या चारी बाजूंनी एकदा पायी फिरून आले आणि ओट्यावर बसून म्हणाले, "आता आणा चहा. साखर जास्त."

चहा होईतो मी त्यांची वही चाळली आणि मला हसू आलं. पानाच्या मधोमध दोन तांबड्या रेघा, आणि आकडे तळापासून सुरू होऊन वर चढत गेलेले. आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी अशी वही पाहिली असती तर बोटांवर पट्टी बसली असती. मी तसं म्हटलंही.

"मोजायची साखळी पुढं जाती ना बाई," ते म्हणाले, "मग वहीबी पुढंच जाणार. माणूस चालंल तसं लिहायचं."

हेही मी त्या दिवशी लिहून ठेवलं आणि विसरून गेले.

पुढे निवृत्त झाल्यावर हौसराव आमच्याच गल्लीत घर घेऊन राहिले, तेव्हा चहाची ती गोष्ट मला कळली. त्यांचं गाव केंदूर. ते अकरा वर्षांचे असताना त्यांच्या वडिलांची आणि चुलत्यांची वाटणी झाली. मोजणीदार दुपारी चुलत्यांच्या घरी मटण जेवला. झालं! "बांध मटणाच्या अंगाला सरकला," असं वडील पुढची तीस वर्षं सांगत राहिले. हौसराव याच मोजणी खात्यात नोकरीला लागले, तेव्हा वडिलांना वाटलं, आता पोरगा न्याय करणार. हौसरावांनी सुट्टी काढून तोच बांध पुन्हा मोजला. तो बिनचूक होता. एक बोटभरही सरकला नव्हता.

"मग वडील काय म्हणाले?"

"म्हैनाभर बोललं न्हाईत. मंग म्हनले, तूबी तिथं जेवला आसशील."

तेव्हापासून त्यांचा नियम होता. मोजणीदार खरा असून भागत नाही, त्याच्याकडे बोट दाखवायला जागा राहता कामा नये. हद्द पायाखाली घालून होईपर्यंत कुणाच्या हातचं काही घ्यायचं नाही. शिरूर आणि दौंड, दोन तालुक्यांत त्यांनी तेहतीस वर्षं काढली, आणि त्यांच्या पत्नी मुक्ताबाई म्हणतात तसं, "ह्यांनी दोन तालुक्यांतला चहा वाचवला आन् घरी येऊन समदा वसूल केला."

नोकरीच्या शेवटच्या वर्षांत नकाशे कॉम्प्युटरवर गेले. हौसरावांच्या वयाचे लोक वैतागले. हे मात्र रमले. निवृत्तीनंतर त्यांनी एक लॅपटॉप घेतला, आणि त्यात विंडोजही पाहिजे आणि लिनक्स ही दुसरी सिस्टिमही पाहिजे, असं ठरवलं. कारण नकाशे काढायचा त्यांच्या आवडीचा फुकटातला प्रोग्रॅम लिनक्सवर चांगला चालायचा आणि मुक्ताबाईंचा पत्त्यांचा खेळ विंडोजवर. एकाच डिस्कचे दोन भाग करून दोन्ही बसवता येतात हे कळल्यावर त्यांचे डोळे चमकले. ही तर वाटणीच! तीनदा त्यांनी स्वतःचा लॅपटॉप पूर्ण पुसून टाकला. चौथ्यांदा जमलं. "आपल्याच रानात नांगर शिकावा," म्हणायचे. नंतर गल्लीतल्या, ओळखीच्या, ओळखीच्यांच्या ओळखीच्या लोकांना ते दोन-दोन सिस्टिम बसवून देऊ लागले. पद्धत मात्र जुन्या खात्याची. आधी अर्ज, मग हिस्सेदारांना बोलावणं, कागदावर नकाशा, सह्या, आणि शेवटी चहा.

आता ज्या मोजणीसाठी मी हे लिहायला बसले आहे, तिच्याकडे येते.

माझ्या वरच्या खोलीत गौतमी ओव्हाळ राहते. कुरकुंभच्या एका औषध कारखान्यात तपासणीच्या लॅबमध्ये ती शिफ्टमध्ये काम करते. तिचा थोरला भाऊ सतीश सणसवाडीला मशीन ऑपरेटर आहे. दोघांत मिळून एक लॅपटॉप. एक आठवडा तो सणसवाडीत, एक आठवडा दौंडमध्ये. गेल्या वर्षी गौतमीनं घरबसल्या करायचा एक कोर्स घेतला, आकडेवारीचा, आणि त्याचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवून दाखवायचे होते. सतीशचं सगळं काम विंडोजवर. सुटे भाग मशीनवर घट्ट धरून ठेवायची एक पकड त्यानं दोन वर्षं खपून स्वतः डिझाइन केली होती, आणि सोमवारी, २० जानेवारीला सकाळी नऊ वाजता ते ड्रॉइंग साहेबांपुढे उघडून दाखवायचं होतं. पसंत पडलं तर तो ऑपरेटरचं काम सोडून डिझाइन विभागात जाणार होता. अकरा वर्षं मशीनपुढे उभं राहिलेल्या माणसाला खुर्ची मिळणार होती.

"सोमवारनंतर बसवू की," सतीश म्हणत होता.

"सोमवारी लॅपटॉप सणसवाडीत, आन् बुधवारी माझी पहिली असाइनमेंट, मग बसवणार कधी?" गौतमी म्हणाली. "दादा, हौसराव आबा आहेत ना. ते काही बिघडवणार नाहीत."

शनिवारी दुपारी गौतमी पहिली शिफ्ट करून आली, सतीश तळेगाव ढमढेरे, न्हावरा, चौफुला करत मोटरसायकलवर आला, आणि माझ्या व्हरांड्यात मोजणी सुरू झाली. मी पंच.

"ड्रॉइंगची दुसरी कॉपी हाय का?" हौसरावांनी पहिलाच प्रश्न विचारला.

"हाय आबा. पेनड्राइव्हवर."

"कुठं हाय पेनड्राइव्ह?"

"खोलीवर. सणसवाडीला."

हौसरावांनी मान डोलावली. ती कॉपी दिवाळीची होती आणि तिच्यात पकडीचा दांडा उलट्या बाजूला होता, हे सतीशनं कुणाला सांगितलं नाही. त्याला वाटलं, कशाला लागतीय?

मग जुना दगड. प्रत्येक मोजणीत हौसराव आधी जुना दगड शोधतात. इथं तो दगड म्हणजे विंडोजची 'रिकव्हरी की', अठ्ठेचाळीस आकड्यांची किल्ली. डिस्कला कुलूप असतं, आणि कधी लॅपटॉपला आपल्यात काही फेरफार झाल्याचा संशय आला तर तो ती किल्ली मागतो. ती इंटरनेटवरच्या खात्यातही मिळते, पण लॅपटॉप घेताना दुकानदारानं खातं स्वतःच्याच फोननंबरावर उघडून दिलं होतं, आणि दुकान आता तिथं नव्हतं. म्हणून हौसरावांनी ती लॅपटॉपच्या पडद्यावर उघडली आणि फील्डबुकात हातानं उतरवून घेतली. सहा आकड्यांचा एक गट, असे आठ गट, एका ओळीत एक.

गौतमी फोन पुढे करून म्हणाली, "आबा, फोटो काढते ना."

"फोटू पुसला जातो. कागूद पुसत न्हाई."

"कागद भिजतो, आबा."

"माझा भिजला न्हाई अजून. तेहतीस पावसाळं झालं."

नकाशावर मात्र भांडण झालं. एकूण क्षेत्र चारशे शहात्तर जीबी. सतीशला साडेतीनशे हवे होते.

"तुझ्या लग्नाचे व्हिडिओच नव्वद आहेत," गौतमी म्हणाली. "वहिनीनं तरी एकदा बघितले का ते?"

"तुझ्यासारख्या बारक्या फायली न्हाईत माझ्या. ड्रॉइंग असतंय."

"थोरला भाऊ म्हणून बागायत तुला, आन् मला माळरान का?"

हौसरावांनी पेन्सिल वर केली आणि हिस्से पाडले. सतीशला तीनशे, गौतमीला एकशे सव्वीस, आणि दोघांना जाता-येता वापरायला पन्नासची सामाईक वाट. दोघांनी सह्या केल्या. मी पंच म्हणून इंग्रजीत सही केली. मला तशीच सवय आहे.

पुढचे दीड तास हौसराव लॅपटॉपवर वाकून होते. आधी विंडोजचा भाग आखडून घेतला, मोकळ्या झालेल्या जागेत नवं लिनक्स बसवायला सुरुवात केली. नवी सिस्टिम वायफाय धरेना, तेव्हा लॅपटॉपच्या पोटातली एक सुरक्षेची सेटिंग बंद केली. शेवटी पडद्यावर जांभळा-नारिंगी रंग पसरला आणि गौतमीचं नाव आलं. तिनं टाळीच वाजवली. "आलं! आबा, आलं!"

आणि इथं माझी चूक झाली. इतक्या आनंदात मी आलं घातलेला चहा घेऊन बाहेर आले. आजवर मी त्यांना नेहमी त्यांनी मागितल्यावरच चहा दिला होता. हौसराव गौतमीला नव्या पडद्यावरचा नकाशाचा प्रोग्रॅम दाखवण्यात इतके रंगले होते की कप हातात कधी घेतला हे त्यांनाही कळलं नाही. प्यायले. आणि आम्हा सर्वांच्या डोक्यात चहा झाला म्हणजे मोजणी संपली, हे इतकं पक्कं होतं की जुनी बाजू, म्हणजे विंडोज, उघडून बघायची कुणालाच आठवण झाली नाही. हद्द फिरून व्हायची राहिली.

जाताना त्यांनी फील्डबुक माझ्या हाती दिलं. "दप्तर पंचाकडं ऱ्हातं. मी सकाळच्याला केंदूरला जातोय. सांच्याला येतो."

रविवारी सकाळी आठ वाजता वरून सतीशचा आवाज आला. "गौतू! हे काय झालं?"

मी जिना चढून गेले. अख्खा पडदा निळा. विंडोज उघडण्याऐवजी ती किल्ली मागत होतं. बंद केलेल्या त्या सेटिंगमुळेच त्याला संशय आला होता, हे नंतर कळलं. पण मला भीती वाटली नाही. मी ऐटीत फील्डबुक आणून टेबलावर ठेवलं. "घाला. आठ गट आहेत."

सतीशनं घातले. प्रत्येक गट लॅपटॉप निमूट घेत होता, आणि आठवा झाल्यावर चूक म्हणत होता. गौतमीनं घातले. चूक. मी चष्मा लावून एकेक आकडा वाचला आणि गौतमीनं टाइप केला. चूक.

"आबांनी चुकीचं उतरवलं," सतीश म्हणाला.

"आबा चुकत नाहीत."

"मग लॅपटॉप चुकतोय का? गौतू, उद्या नऊ वाजता काय उघडून दाखवू मी? हे निळं?"

तेव्हा पेनड्राइव्हवरच्या उलट्या दांड्याची गोष्ट बाहेर आली. गौतमी भावाकडे वळली. "आन् काल आबांनी विचारलं तेव्हा 'हाय, हाय' करत होतास!"

"तू 'बसवू, बसवू' करत होतीस ते?"

हौसरावांना फोन लावला. वाजत राहिला. गौतमी धावत त्यांच्या घरी गेली आणि पाच मिनिटांत परत आली. मुक्ताबाईंच्या कपाटावर फोन वाजत होता. "म्हणाल्या, 'भावकीत मोजायला गेलेत. मोजणीला जाताना फोन नेत न्हाईत, कुणाचा शिफारशीचा फोन येईल म्हनून.'" एरवी आम्ही हसलो असतो.

सतीश बूट घालू लागला. "केंदूरला जातो. दोन तासांत पोचतो."

"आणि ते कुणाच्या शेतात असतील, हे कुणाला विचारशील?" मी म्हटलं. "जा, पण आधी दोन घास खा."

मी खाली जाऊन पोहे टाकले. मनातून मला चहाच्या त्या कपाची लाज वाटत होती. हौसराव त्यांच्या नियमानं वागले असते तर हा निळा पडदा कालच, त्यांच्यासमोर आला असता. मी पोहे घेऊन वर गेले तर गौतमी फील्डबुक उलटसुलट करून बघत होती. पानं मागे चाळत होती, पुन्हा पुढे येत होती. लॅबमध्ये तिला दिवसभर दुसऱ्यांच्या नोंदी तपासाव्या लागतात, तशीच बसली होती, भुवया जवळ आणून.

"आजी," ती म्हणाली, "आबांनी 'श्री' खाली का लिहिलाय?"

"काय?"

"बघा ना. 'श्री' पानाच्या वर असतो ना? आबांचा प्रत्येक पानावर तळाला आहे. आन् तारीखसुद्धा. खाली तारीख, मग वर आकडे."

मी पान पाहिलं. तळाला बारीक अक्षरात श्री. त्यावर १८ जानेवारी. त्यावर "सतीश व गौतमी ओव्हाळ, लॅपटॉप एक." मग आठ ओळी वर चढत गेलेल्या. मधोमध दोन तांबड्या रेघा.

हातातली पोह्यांची ताटली मी टेबलावर ठेवली. माणूस चालंल तसं लिहायचं! बारा वर्षांपूर्वी मी स्वतः हसले होते त्या वहीला.

"खालून," मी म्हटलं. "गौतमी, खालून वर वाच."

सतीश एका पायात बूट घालून टेबलाशी आला. गौतमी वाचू लागली, तळाचा गट आधी. सतीश घाईत चुकीचे आकडे दाबू लागला म्हणून तिनं त्याला बाजूला सारलं आणि वही त्याच्या हातात दिली. "तू वाच, मी घालते." सातवा. आठवा. निळा रंग गेला. काळा पडदा. एक गोल फिरत राहिला, फिरत राहिला, आणि मग सतीशच्या लग्नाचा फोटो आला. फोटोतली गौतमीची वहिनी मला त्या सकाळी जितकी छान दिसली तितकी कधीच दिसली नव्हती.

सतीशनं आधी ड्रॉइंग उघडलं. दांडा बरोबर बाजूला होता. मग तो म्हणाला, "गौतू, तुझा पेनड्राइव्ह दे." मग पोहे खाल्ले. दोन ताटल्या.

संध्याकाळी हौसराव आले. आम्ही सगळं सांगितलं. मला वाटलं ते हसतील. ते हसले नाहीत. ओट्यावर बसून टोपी काढली.

"हद्द फिरलो न्हाई मी," ते म्हणाले. "चहा प्यालो."

"चहा मी आणला," मी म्हटलं.

"आणला तुम्ही. प्यालो मी." मग ते सतीशकडे वळले. "आन् खालनं वर वाचायला तुला सुचलं व्हय रं?"

"न्हाई आबा. गौतूला."

"श्री बघितला," गौतमी म्हणाली.

हौसरावांनी तिच्याकडे नीट पाहिलं. खात्यात असते तर त्यांनी तिला हाताखाली मागून घेतलं असतं, असं मला वाटलं. "वरनं कोन सुरुवात करतं का?" ते स्वतःशीच पुटपुटले. "साखळी काय आभाळातनं खाली येती?" पण मग त्यांनी खिशातलं पेन काढलं, फील्डबुकातलं ते पान उघडलं, आणि समासात तळापासून वरपर्यंत एक लांब बाण काढला. चाळीस वर्षांच्या वह्यांत पहिला. मग लॅपटॉप मागितला. एकदा लिनक्स उघडलं, बंद केलं. एकदा विंडोज उघडलं, बंद केलं. सामाईक भाग दोन्हीकडून उघडून पाहिला. शेवटी किल्लीच्या आणखी दोन प्रती केल्या, एक सतीशला, एक गौतमीला, आणि त्या मात्र वरून खाली लिहिल्या, शाळेतल्या मुलासारख्या जपून.

"बाई," ते म्हणाले, "आता आणा."

सोमवारी दुपारी एक वाजता सतीशचा फोन आला. साहेबांनी ड्रॉइंग वीस मिनिटं पाहिलं आणि दांड्याबद्दलच सर्वांत जास्त विचारलं. एक तारखेपासून तो डिझाइनला. गौतमीनं फोन स्पीकरवर टाकला होता, त्यामुळे मला आणि कुंपणापलीकडे लिंबं काढणाऱ्या गिताबाईंनाही ऐकू गेलं.

"पेढे आण," गौतमी ओरडली. "आन् येताना लॅपटॉप आण, बुधवार माझा आहे."

गेल्या रविवारी ती हौसरावांच्या दारात गेली होती. कोर्सच्या फायली वाढल्यात, एकशे सव्वीस पुरत नाहीत, सतीशदादाचे चाळीस जीबी नुसते पडून आहेत, तेवढा बांध सरकवून द्या, एवढंच तिचं म्हणणं होतं.

हौसराव वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी ते खाली केलं नाही.

"अर्ज लिव्ह," ते म्हणाले. "आन् दोघं या."